चेहरा जुळत नाही

माझ्या नवऱ्याच्या ओठाचं उजवं टोक खाली घसरलं होतं, आणि मी ते माऊसनं उचलून सरळ केलं. मिनिटभराचं काम. मग तो फोटो पाठवून दिला आणि पुढच्या कामाला लागले. कुणी विचारेल, बाई, तुला कळलं कसं नाही? मलाही तेच विचारायचंय, पण विचारणार कुणाला. दुकानात त्या वेळी बघणारी मी एकटीच होते.

दुकान म्हणजे आमचा फोटो स्टुडिओ. पुढं काउंटर, मधे पडदा, पडद्यामागं पांढरी भिंत, एक स्टूल आणि दोन मोठे दिवे. त्याच्या मागं खोली, तिथं माझा कॉम्प्युटर आणि एक सोफा. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे. फोटो हे काढणार, आणि काढलेला फोटो मी सुधारणार. गालावरचा डाग काढायचा, डोळ्यांखालचं काळं उजळायचं, उडालेले केस बसवायचे, कुणाचा एक खांदा खाली असेल तर वर घ्यायचा. सरकारी कागदांच्या फोटोत असले उद्योग करायचे नसतात हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आपला चेहरा जसा आहे तसा बघायची हौस कुणालाच नसते. लोक फोटो हातात घेतात आणि म्हणतात, "छान आलाय." तो आलेला नसतो, मी आणलेला असतो. तेवढं मी मनातल्या मनात म्हणून घेते.

कार्डाचं मशीन घ्यायचं खूळ लेकीचं. हल्ली फोटो काढायला येणाऱ्या पोरापोरींच्या खिशात नोटा नसतात. चार फोटो छापून हातात दिले की म्हणतात, "कार्ड चालेल ना?" आणि नाही म्हटलं की "आलोच" म्हणून जे जातात ते जातातच. असे कुणाकुणाचे चेहरे माझ्या खणात पडून आहेत.

"आई, आता सगळं चॅटवरच होतं," लेक म्हणाली. "कुठं जायला नको, रांग नको. ते जे मागतील ते फोनवरून पाठवायचं. तू दिवसभर मैत्रिणींना फुलांचे फोटो पाठवतेस, तसंच."

यांचा विरोध होता, पण यांचा विरोध कशालाही असतो. "ज्याला फोटो हवाय तो पैसे घेऊन येईल," असं म्हणून यांनी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. त्याचा अर्थ, करा तुम्हाला काय करायचं ते. सत्तावीस वर्षांचा संसार झाला की एवढा अर्थ लागतो.

मंगळवारी साडेनऊला शटर उघडलं आणि मी फोन घेऊन काउंटरवर बसले, मशीनवाल्या कंपनीच्या चॅटवर अर्ज सुरू केला. पलीकडून लगेच निरोप आला. "नमस्कार. मी आपली मदतनीस. आपल्या व्यवसायाच्या प्रगतीत सहभागी होताना मला आनंद होत आहे."

मी लिहिलं, "मलाही."

"क्षमस्व, मला समजले नाही. कृपया १ किंवा २ निवडा."

मी कपाळाला हात लावला. हे हसले. चांगले खळखळून हसले, दोन्ही गालांनी. ते हसणं मी नंतर इतक्या वेळा आठवून पाहिलंय की ते आता मला नीट आठवतच नाही.

मदतनीसबाईंनी आधी दुकानाच्या पाटीखाली मालक उभे असलेला फोटो मागितला.

"मालक तू आहेस. तूच उभी राहा," हे म्हणाले.

"कागदावर तुम्ही आहात. चला बाहेर."

पाटीखाली हे हाताची घडी घालून, एक भुवई वर करून उभे राहिले. मी फोनवरच फोटो काढला आणि पाठवला. खाली वेळ उमटली, नऊ बेचाळीस. तेव्हा तिच्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. वेळ बघायचं काय कारण होतं?

मग दुकानाचा परवाना, मग बँकेचं पासबुक, मग परवान्याची मागची बाजू, कारण पुढची पाठवली तेव्हा बाईंना मागची हवी होती. दहाच्या सुमाराला चहा घेतला. यांनी कप तोंडाला लावला आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर.

"लहान मूल आहात का तुम्ही? धुतलेला शर्ट आहे."

यांनी हनुवटी पुसली, कपाकडं बघितलं. "कपाला चीर आहे का बघ गं."

मी कप फिरवून फिरवून बघितला. "कपाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. हे मी माझ्या तोंडानं म्हटलं. कपाला झालेलं नाही तर मग कुणाला झालंय, एवढा पुढचा विचार करायला किती अक्कल लागते? तेवढी मला त्या दिवशी नव्हती. मी शर्टावर ओलं फडकं फिरवलं आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

पुढचा हुकूम आला, मालकांचा समोरून फोटो, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नको. इतकी वर्षं लोकांना "मान सरळ, हनुवटी खाली, डोळे इकडं" असं सांगणारा माणूस स्वतः त्या स्टुलावर बसायला तयार होईना. शेवटी बसले ते दात काढायला बसल्यासारखे. मी यांचाच कॅमेरा उचलला. काचेतून बघितलं तर तोंड वाकडं.

"अहो, कार्ड नको तर नको म्हणा. पण फोटोत रुसू नका."

"मी कुठं रुसलोय?"

"तोंड सरळ करा."

"सरळच आहे," हे म्हणाले. शब्द जरा जाड आले. मला वाटलं, चिडलेत. मी दोन फोटो काढले, दोन्हीत तेच तोंड. म्हटलं जाऊ दे, या माणसाच्या नादी लागण्यापेक्षा मीच बघते.

कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला. गालावर दाढी करताना कापल्याची खूण होती, ती घालवली. कपाळावरची चमक कमी केली. मग ओठ. उजव्या टोकाशी खाली आलेला. नाकापासून ओठापर्यंत जी घडी असते, तीही उजवीकडं पुसट. मी ओठाचं टोक पकडलं आणि वर घेतलं, अगदी थोडंसं, छापील फोटोत दोन मिलिमीटर भरेल एवढं. डाव्या बाजूची घडी उचलून, उलटी करून उजवीकडं बसवली, कडा मऊ केल्या. हे असं मी हजारो वेळा केलंय. कुणाचा एक डोळा बारीक, कुणाचं हसू एकीकडं झुकलेलं. हात चालतो, डोकं दुसरीकडंच असतं. त्या वेळी माझं डोकं जेवायला काय करायचं यात होतं.

दहा एकतीसला फोटो पाठवला. "धन्यवाद," मदतनीसबाई म्हणाल्या. "आपले छायाचित्र सुस्पष्ट आहे." मला चक्क बरं वाटलं.

त्यानंतर सही. कोऱ्या कागदावर सही करून तिचा फोटो. यांनी सही केली, ती ओळ सोडून खाली उतरली. "स्वाक्षरी जुळत नाही," बाई म्हणाल्या. दुसरी केली, तिचं शेवटचं अक्षर कुठच्या कुठं गेलं. "स्वाक्षरी जुळत नाही."

"हाताला मुंग्या आल्यात," हे म्हणाले.

"हातावर झोपता, मग येणारच."

"पडतो जरा आत."

"पडा. तुमची सही बँकेलासुद्धा कधी ओळखू येत नाही, या बाईला काय येणार."

हे आत सोफ्यावर जाऊन आडवे झाले. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन आली, त्याचा फोटो मीच काढला. ते मूल डोळे उघडेना, मी खुळखुळा वाजवून वाजवून घामाघूम. दोनदा आत डोकावले. हे गाढ झोपलेले, तोंड जरा उघडं. दमलेत, म्हटलं, झोपू दे. पडदा हळूच सोडला. इतर सगळ्यासाठी मी स्वतःला रागावू शकते, पण मायेनं झोपू दिलं, याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

एक चाळीसला फोन वाजला. "अभिनंदन. आता फक्त चेहऱ्याची प्रत्यक्ष पडताळणी बाकी आहे. कृपया मालकांनी फोनसमोर बसावे."

मी यांना उठवलं. उठायला वेळ लावला. सोफ्यावरच बसतं केलं आणि फोन समोर धरला. पडद्यावर एक गोल आला. गोलात चेहरा ठेवा. ठेवला. डावीकडे पाहा. पाहिलं. उजवीकडे पाहा. पाहिलं. आता स्मितहास्य करा.

"हसा," मी म्हटलं.

"चेहरा जुळत नाही. कृपया पुरेशा प्रकाशात पुन्हा प्रयत्न करा."

प्रकाश म्हटल्यावर माझा पारा चढला. फोटोवाल्याच्या दुकानात येऊन प्रकाश शिकवते. मी दोन्ही मोठे दिवे आत ओढून आणले, खालून सावली पडू नये म्हणून यांच्या मांडीवर चंदेरी पुठ्ठा ठेवला. नवरदेवाचासुद्धा आम्ही इतका थाटात फोटो काढला नसेल. गोल, डावीकडे, उजवीकडे, हसा.

"चेहरा जुळत नाही."

"अहो, नीट हसा ना एकदा. घरी गेल्यावर रुसा."

तिसऱ्यांदा केलं, आणि या वेळी मदतनीसबाईंनी काय केलं, तर दोन चेहरे शेजारी शेजारी दाखवले. डावीकडं मी सकाळी पाठवलेला फोटो. उजवीकडं आत्ताचा. खाली लिहिलं होतं, "कृपया दोन्ही छायाचित्रे एकाच व्यक्तीची असल्याची खात्री करा."

मी बघितलं. एका चेहऱ्याचं तोंड सरळ होतं, ते मी केलेलं. दुसऱ्याचा अर्धा चेहरा हसत होता आणि अर्धा ढिम्म. उजवा गाल, उजवा ओठ, उजवी पापणी, सगळं खाली. आणि सकाळी मी जे उचललं होतं ते नेमकं तिथलंच, त्याच टोकापासून सुरू झालेलं. माझ्या काळजात धस्स झालं असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या काळजात काहीच झालं नाही. सगळं थांबलं. पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येईना.

"उजवा हात वर करा," मी म्हटलं.

यांनी डावा केला.

"उजवा."

हे काहीतरी म्हणाले. शब्द नव्हता तो, नुसता ओला आवाज. मग यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, तो चंदेरी पुठ्ठ्यावर पडला होता. मग माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाला मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

शेजारच्या चावीवाल्याकडं गाडी आहे. मी त्याला कशी हाक मारली ते मला आठवत नाही, तो नंतर म्हणाला की मी हाक मारलीच नाही, नुसती त्याच्या दुकानात येऊन उभी राहिले. त्यानं आणि मी मिळून यांना गाडीत घातलं. लेकीला मी वाटेत फोन केला. दिवे तसेच चालू, शटर उघडं. दोन वाजून बारा मिनिटांनी आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो.

तिथली डॉक्टर पोरगेलीच, माझ्या लेकीच्या वयाची. पण हात भराभर चालत होते. यांना लगेच डोक्याचं स्कॅन करायला नेलं. परत आणलं तेव्हा ती म्हणाली, "मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. रक्तस्राव नाही, ते चांगलं आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्त सांडायचा धोका वाढतो, माणूस हातचा जाऊ शकतो. मला एकच सांगा. हे पूर्ण ठीक असताना शेवटचं कधी पाहिलं?"

सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात होती, पण कुठलीच गोष्ट जागेवर थांबेना.

तेवढ्यात लेक धावत आली. तिनं माझ्या हातातला फोन घेतला, चॅट उघडलं, वर सरकवलं. ती हुशार आहे, संकटात तिचं डोकं चालतं, यांच्यावर गेलीय.

"हे बघा डॉक्टर," ती म्हणाली. "सकाळी दुकानात फोटो काढलाय. समोरून, जवळून. दहा एकतीस. तोंड अगदी सरळ आहे."

डॉक्टरनं फोन हातात घेतला. फोटो मोठा केला. ओठ बघितले, डोळे बघितले. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उभारी आली. "उत्तम. म्हणजे दहा एकतीसपर्यंत ठीक होते. तीन वाजेपर्यंत वेळ आहे आपल्याकडं. आता दोन सदतीस झालेत." तिनं नर्सकडं वळून सांगितलं, "वजन करून घ्या, औषध तयार करा."

लेकीनं माझा दंड घट्ट धरला. "आई, वेळ आहे," ती म्हणाली. "वेळ आहे गं."

मला आता जे सांगायचंय ते मी यांच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. मी गप्प राहिले. नर्सनं यांना उचलून वजनाच्या खाटेवर घेतलं, आकडा सांगितला, दुसरीनं तो लिहून घेतला, आणि तेवढा सगळा वेळ मी गप्प होते. मला हिशेब कळत होता. मी काही बोलले नाही तर यांना इंजेक्शन मिळेल, हात परत येईल, शटरचं बटण दाबणारा उजवा हात. कुणाला कधी कळणार नाही. तो फोटो डॉक्टरनं एवढा मोठा करून बघितला होता आणि तिला काही दिसलं नव्हतं. माझं काम दिसत नाही. दिसलं तर ते काम कसलं. आणि मी बोलले तर मी माझ्या तोंडानं यांचं औषध काढून घेणार, लेकीच्या देखत.

पण मेंदूत रक्त सांडतं म्हणाली होती ती.

"तो फोटो खरा नाही," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जोरात. डॉक्टर वळली.

"मी सुधारलाय तो. तोंड वाकडं होतं. मी कॉम्प्युटरवर सरळ केलं."

लेकीचा हात माझ्या दंडावरून सुटला.

डॉक्टरनं फोन परत हातात घेतला, परत मोठा केला. "मला तर काही दिसत नाही."

"नाही दिसणार. माझं कामच आहे ते. उजव्या टोकाला ओठ उतरला होता आणि ही घडी पुसट होती. ही घडी डावीकडची आहे, उलटी करून लावलीय. मला वाटलं, रुसलेत."

ती वेडी म्हणेल असं वाटलं मला, पण तिनं तसं काही म्हटलं नाही. "त्याआधी?" तिनं विचारलं.

"दहाला चहा सांडला. तोंडातून. नऊ बेचाळीसला पाटीखाली उभे होते, तेव्हा ठीक होते. तो फोटो फोनवरचा आहे, त्याला मी हात लावलेला नाही."

तिनं मनात मोजलं, मीही मोजलं. नऊ बेचाळीसपासून साडेचार तास म्हणजे दोन बारा, आम्ही दारात पाऊल टाकलं तीच वेळ. चहाची वेळ धरली तरी अडीच. भिंतीवरच्या घड्याळात दोन एक्केचाळीस झाले होते. डॉक्टरनं हातानंच नर्सला थांब म्हणून खूण केली. मग ती फोनवर तिच्या वरिष्ठांशी बोलली, पाठ आमच्याकडं करून. बोलून झाल्यावर आली आणि म्हणाली, "इंजेक्शन नाही देता येणार. गुठळी अशा जागी आहे की ओढूनही काढता येणार नाही. बाकीचे उपचार सुरू करतो."

नर्सनं तयार केलेली सुई ट्रेमध्ये तशीच ठेवून ट्रे उचलून नेला. मी तो ट्रे दारातून बाहेर जाईपर्यंत बघत होते.

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. औषधं आणायची, डबा आणायची, माझ्यापुढं ठेवायची, पण शब्द नाही. तिला राग मी फोटो सरळ केल्याचा होता की मी ते सांगितल्याचा, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर एकटी सापडली तेव्हा तिला मात्र गाठलं.

"मी गप्प बसले असते तर?"

तिनं हातातला कागद मिटला. "हात आला असता कदाचित. किंवा संध्याकाळपर्यंत ते गेले असते. खरं सांगू, मलाही सांगता येत नाही."

"आणि सकाळी दहालाच आणलं असतं तर?"

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडं गेली. त्या हातावरून मला काय ते कळलं.

यांचा जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालेल म्हणाले, हाताचं काही सांगता येत नाही म्हणाले. बोलणं पाचव्या दिवसापासून परत यायला लागलं, जाडंभरडं, अडखळत, पण समजेल असं. यांना मी सगळं सांगितलं. चहापासून सगळं, वजनाच्या खाटेशी गप्प राहिले तेही. हे छताकडं बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "दिवे... बंद केलेस?" मी म्हटलं, चावीवाल्यानं केले. तेवढंच बोलणं झालं.

सातव्या दिवशी मदतनीसबाई परत उगवल्या. मी तर त्यांना विसरूनच गेले होते. "आपला अर्ज अपूर्ण आहे. छायाचित्र आणि चेहरा जुळत नसल्याने कृपया नवीन, कोणताही बदल न केलेले छायाचित्र पाठवा." कोणताही बदल न केलेले, हे शब्द वाचून मी फोन उलटा करून ठेवला. यांनी डाव्या हाताच्या बोटानं विचारलं, काय?

"काही नाही. ते कार्डाचं. मी नाही म्हणून कळवते."

"का?" हे म्हणाले. "करून... टाक."

जो माणूस पहिल्या दिवसापासून नको म्हणत होता तो आता करून टाक म्हणतो. हॉस्पिटलात फोनवर नवा फोटो काढला असता, पण हे मान हलवून नको म्हणाले, "कॅमेऱ्यातला आहे... तो." लेक जाऊन दुकानातनं मूळ फोटो फोनवर घेऊन आली. आमच्याकडं मूळ फोटो कधी पुसत नाहीत.

मी खाटेच्या कडेला बसले. यांनी फोन डाव्या हातात घेतला आणि दोन्ही फोटो मागितले. मला दाखवायचे नव्हते. यांनी हात पुढंच धरला. मी उघडून दिले, आधी मूळचा, मग माझा.

यांनी मूळचा बघितला. त्यात चहाचा डाग शर्टावर दिसत होता, ओठ उतरलेला दिसत होता. आता मला तो असा दिसत होता की रस्त्यानं जाणाऱ्या माणसानंही थांबून विचारावं, काय झालंय. मग यांनी माझा बघितला. जवळ आणला, लांब धरला, दोन्ही फोटो मागं पुढं केले. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी बघतात तसे, भुवया आक्रसून. ओठाच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, काढला. घडीवर ठेवला, काढला. शिव्या द्याव्यात, फोन फेकावा, काहीही करावं असं मला वाटत होतं.

"सुरेख... केलंयस," हे म्हणाले. "कळत... नाही कुठं."

सत्तावीस वर्षांत या माणसानं माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. नाव ठेवायला काही सापडलं नाही की नुसता पुढचा फोटो मागायचे. आणि आता हे मनापासून म्हणत होते, एक कारागीर दुसऱ्याला म्हणतो तसं, त्यांच्या त्या अर्ध्या चेहऱ्यानं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. पळाले नाही. फोन त्यांच्या हातातून घेतला आणि मूळचा फोटो पाठवून दिला.